भरावाचं प्रवचन

सभेला माणसं कशी जमवावीत, हे कुणीही मला विचारावं. हागिनोसे वस्तीचा प्रमुख म्हणून अकरा वर्षं मी दुसरं काही केलेलं नाही. त्यामुळे द्रुतगती मार्गाच्या कचेरीतले कुरामोचीसाहेब काकुळतीला येऊन म्हणाले, "आराखड्यावर लोकांचं म्हणणं ऐकायचंय हो, पण मागच्या गावात पाच जण आले. त्यातले दोघे पंख्याखाली बसायला," तेव्हा मी नुसता हसलो.

"सभागृह सोडा. देवळात ठेवा. साठ माणसं आणून दाखवतो."

आमच्या देवळात वर्षातून दोनदा गाऊन सांगायचं प्रवचन होतं. सांगणारा आवाज चढवत नेतो, नेतो, आणि नेमका थांबतो. त्या थांब्यावर सगळं देऊळ अमिदा बुद्धाचं नाम घेतं, "नमान्दाबु, नमान्दाबु." नाम आलं नाही तर सांगणाऱ्याचं पाऊल पुढे पडत नाही. मी आईच्या मांडीवर बसून हे शिकलो. बोलायला त्यानंतर शिकलो.

पण सभेचा खरा विषय होता इतोआजींची वाट. आजी एकोणनव्वद वर्षांच्या. रोज सकाळी आधाराची छोटी हातगाडी ढकलत भातशेतांमधल्या वाटेनं देवळात जातात, कारण नवरा आणि मुलगी, दोघांच्या अस्थी तिथे आहेत. नव्या रस्त्याचा आठ मीटर उंच मातीचा भराव नेमका त्या वाटेवर येणार होता. मग उरली पुलावरची वाट, अडीच किलोमीटर. म्हणून भरावाखालून एक वाट ठेवा, एवढंच मागायचं होतं. "भरावाखालून वाट ठेवा." तीन शब्द. आजींकडून मी ते आठवडाभर घोकून घेतले.

सभेला त्रेसष्ट माणसं आली. मी कुरामोचीसाहेबांना मागच्यांना दिसावं म्हणून प्रवचनकाराच्या उंच बैठकीवर बसवलं आणि कानात सांगितलं, "आमची माणसं कानानं अधू आहेत. सावकाश वाचा. शेवट जरा उचला आणि थांबा."

गुणी माणूस. सांगितलं तसंच केलं.

"भरावाची उंची... आठ मीटर..."

"नमान्दाबु."

साहेब दचकले. खोटं कशाला सांगू, पहिला आवाज माझाच होता. थांबा दिसला आणि तोंडातून नाम गेलं.

"रोज जाणारी वाहनं... अठरा हजार..."

"नमान्दाबु, नमान्दाबु." आता मागच्या चार रांगा.

साहेबांचा आवाज मुळात खर्जातला, गोड. समोर माणसं हात जोडून बसलेली पाहून तो उमलायला लागला. आराखड्यातल्या, वाहनांचा आवाज अडवणाऱ्या भिंतीपाशी त्याला चाल लागली. पावसाळी नाल्यांपाशी रुमाल निघाले. सांडपाण्याच्या नळाचा व्यास त्यांनी असा काही लांबवला, की खांबाला टेकलेले दोन म्हातारे सरळ बसले. चाळीस वर्षांत असं प्रवचन ऐकलं नव्हतं.

"काही म्हणणं?" साहेबांनी डोळे पुसत विचारलं.

मी आजींना खूण केली. आजी उठल्या. "साहेब, किती गोड सांगितलंत. पुन्हा या." आणि बसल्या.

घरी बायकोनं, सुमिएनं, भात वाढता वाढता विचारलं, "वाटेचं काय ठरलं?"

"काय रंगलं म्हणून सांगू तुला."

"अहो, मी वाटेचं विचारतेय."

माझ्या हातातल्या जेवायच्या काड्या तिथेच थांबल्या.

आठ दिवसांनी सभेचा वृत्तांत आला. उपस्थित, त्रेसष्ट. हरकती, शून्य. आराखडा ग्रामस्थांनी गहिवरून स्वीकारला.

मी तसाच आजींकडे धावलो. त्या अंगणात मुळे धूत बसल्या होत्या.

"आजी, वाट जातेय."

"अरे, तू सांगितलं असशील असं वाटलं मला. प्रमुख तू ना? मला बरं वाटलं, मी रडले." मग एक मुळा बराच वेळ धूत राहिल्या. "पुलावरून मला नाही जमायचं रे. एखाद दिवशी पोहोचेन, पण परत नाही यायची. आणि मी नाही गेले, तर त्या दोघांकडे कोण जाणार?"

मी कचेरीत फोन लावला. साहेबांना सगळं सांगितलं.

"म्हणजे ती संमती नव्हती?"

"नाही साहेब. सवय आहे ती."

"मी घरी सांगितलं होतं," ते हळूच म्हणाले, "की चौदा वर्षांत पहिल्यांदा लोकांना माझं बोलणं आवडलं."

"आवडलंच होतं हो. तुमच्या बोलण्याला हात जोडले आम्ही. भरावाला नाही."

दुसऱ्याच दिवशी साहेब कागद घेऊन हजर. आजी म्हणाल्या, "कागदावरचं बोलणं मला येत नाही बाबा. चला माझ्याबरोबर."

चारशे मीटरला पन्नास मिनिटं लागली. पाटाच्या झडपेपाशी त्यांनी साहेबांना मासे दाखवले. तेंडूच्या झाडाखाली बसल्या, कारण मुलगी लहानपणी तिथेच हटून बसायची. शेतातल्या प्रत्येकाच्या गुडघ्याची चौकशी केली. उतारावर गाडी साहेबांनी धरली. लाल खुंट्या ठोकलेल्या जागी आजी उभ्या राहिल्या.

"तुमचा भराव तो हाच ना?"

"हो, आजी."

"मग खाली एवढी जागा ठेवा." त्यांनी गाडीच्या रुंदीइतके हात पसरले. विचार केला, आणि आणखी थोडे पसरले. "शेजारून कुणी चालत असेल, तर बोलता आलं पाहिजे."

साहेबांनी फीत काढली आणि आजींच्या दोन हातांमधलं अंतर मोजलं. त्या पसरलेल्या हातांनी उभ्या राहिल्या, ते लिहून होईपर्यंत. मग साहेब माझ्याकडे वळले. "प्रमुखसाहेब, तुमचं म्हणणं?"

माझ्या खिशात तीन पानं होती. मुद्देसूद, रात्री जागून लिहिलेली.

दोन महिन्यांनी सुधारित आराखडा आला. भरावाखाली वाट आहे, एक हातगाडी आणि दोन माणसं शेजारी शेजारी जातील एवढी. सोबत पाहणीचा वृत्तांत. सुमिए तो आल्यागेल्याला वाचून दाखवते. आजींचं म्हणणं त्यात शब्दन् शब्द उतरवलंय, आणि त्याखाली एकच ओळ आहे.

"वस्तीप्रमुख रडले. कारण नोंदवलेले नाही."