धोंडू मिस्त्रीला न सापडलेला बिघाड

धोंडू मिस्त्री गाडीच्या मालकाला बोलू देत नाही. पोलादपुरात हायवेलगत त्याचं गॅरेज आहे. तिथे जाऊन तुम्ही "सकाळी ना, ही जरा..." असं सुरू केलंत, की तो पाना तुमच्या तोंडासमोर धरतो. "तुमी गप ऱ्हावा. तिला बोलू द्या."

मग बॉनेट उघडून तो इंजिनालाच विचारतो, "काय गो, काय व्हतंय?" तेवढ्यात एखाद्या ट्रकवाल्याने हॉर्न वाजवला, तर हा रस्त्यापर्यंत धावत जाऊन ओरडतो, "अरे, पेशंट तपासतोय हितं!" एकदा महाडचे एक साहेब मोबाइल पुढे करून म्हणाले, "इंटरनेटवर दिलंय, सेन्सर गेलाय." मिस्त्रीने शांतपणे पाना त्या मोबाइलवर ठेवला. "मंग त्यालाच सांगा खोलायला."

मी इथल्या शाळेत शिक्षक. माझी गाडी सकाळी चार-पाचदा किल्ली फिरवल्याशिवाय सुरू होत नसे, आणि ॲक्सिलरेटरवरून पाय काढला की थरथरून बंद पडे. तीही नेमकी शाळेच्या फाटकात.

मिस्त्रीने बॅटरीच्या टोकांवरचा पांढरा थर गरम पाण्याने धुतला, प्लग पुसून बसवले. गाडी पहिल्या किल्लीला सुरू झाली, पण थरथर तशीच. त्याने अर्धा तास कान लावला, दोनदा आत जाऊन आला आणि मान हलवली.

"नाय सापडत. वरंधला चला, दादाकडं."

शंकरदादा म्हणजे त्याचे उस्ताद. मिस्त्री पाना धरायला शिकला तो त्यांच्याच हाताखाली. अर्धांगवायूने त्यांची उजवी बाजू गेली तेव्हापासून ते पडवीतल्या खाटेवर, मुलं मुंबईत. गाडी अंगणात चालू ठेवून मिस्त्री खाटेशी हात बांधून उभा राहिला. एरवी हा कुणाच्या बापाला जुमानत नाही.

"दादा, लय शोधलं. माज्या हाताला नाय लागत."

दादांनी डोळे मिटून बराच वेळ ऐकलं. मग डावा हात उचलला. "धोंड्या, फुसफुस ऐकू येत नाय तुला? हवा वढतेय ती. मागचा रबरी पाइप बघ."

"आयला!" मिस्त्रीने कपाळ बडवलं. पाइप खरंच चिरला होता. चिरेवर बोट दाबताच थरथर थांबली. मग मिस्त्रीने खिशातून नवा पाइप काढला. नेमका तेवढाच कापलेला.

मी त्याच्याकडे पाहिलं. त्याने डोळे वटारले.

"गाढवा, कान कुठं ठेवून आलास?" दादांचा चेहरा फुलला होता. "पुढल्या आठवड्यात काय आनतोस?"

मिस्त्री चाचरला. "आता दादा... सध्या तशी गाडी कोनाची..."

दादांनी नजर हळूच भिंतीकडे वळवली.

"दादा," मी म्हणालो, "माझ्याच गाडीचा गिअरबॉक्स अधूनमधून वाजतो. आज नेमका वाजत नाहीये."

"कसा वाजतो?" दादा डाव्या कोपरावर उठू लागले.

"ते मला नाही सांगता यायचं. तुम्हीच ऐका."

"आना, आना. बुधवारी आना."

परतताना मिस्त्री म्हणाला, "गुर्जी, गिअरबॉक्स कुठं असतो, ठाव हाय?"

"नाही."

तो खिडकीबाहेर बघत राहिला. "दाखवतो. बुधवारपर्यंत आवाजपन करून देतो."