तेरावं कलम

सटाण्याला पाठवायची लग्नाची यादी टेबलाच्या खणात जशीच्या तशी दिसली, तेव्हा मोतीराम निकमांनी ती दोनदा उलटसुलट करून पाहिली. यादी इथे आहे, तर मघाशी मेहुण्याच्या, सहादूच्या हातात गेलं काय? त्यांनी खण पालथा घातला, खाटेखाली वाकून पाहिलं आणि बायकोला हाक मारली.

"अगं, सहादूला कुठला कागद दिलास?"

"कुठला म्हणजे? यादी दिली," सावित्रीबाई स्वयंपाकघरातून म्हणाल्या. "टेबलावर घडी घातलेला फुलस्केप होता. चारी कोपऱ्यांना हळदकुंकू लावलं आणि दिला. तुम्हीच म्हणालात ना, साताची गाडी चुकायला नको."

"उघडून नाही पाहिलास?"

"मी कशाला उघडू? देण्याघेण्याचं तुम्ही पुरुषांनीच ठरवलंय."

मोतीराम एका सरकारी कचेरीत आवक-जावक कारकून होते. बावीस वर्षांत त्यांच्या हातून एकही टपाल चुकीच्या ठिकाणी गेलं नव्हतं, कारण पाकीट चिकटवल्यावर भीतीपोटी ते पुन्हा फोडून बघत. गेल्याच आठवड्यात कचेरीत सर्जनशील विचारांचं दोन दिवसांचं शिबिर झालं होतं. पुण्याहून आलेल्या तरुण साहेबांनी एक युक्ती शिकवली. सरळ विचाराने उत्तर सापडत नसेल तर प्रश्न उलटा करायचा. काम चांगलं कसं होईल हे विचारायचं नाही, ते बिघडेल कसं हे विचारायचं. मनात येईल ते न लाजता लिहायचं आणि मग एकेक कलम उलटं करायचं, की उपाय तयार. बाकीचे चहाची वाट बघत होते. मोतीराम मात्र भारावून गेले. काय काय बिघडेल याचाच विचार ते जन्मभर करत आले होते, फक्त त्याला विद्या म्हणतात हे त्यांना आजवर कोणी सांगितलं नव्हतं.

मुलीचं, मीनाचं लग्न तीन आठवड्यांवर आलं होतं आणि धास्तीने त्यांना जेवण जात नव्हतं. म्हणून काल संध्याकाळी त्यांनी फुलस्केप घेतला, वर 'लग्न कशाने मोडेल?' असा मथळा घातला आणि खाली तेरा कलमं सुबक अक्षरात उतरवली. वऱ्हाड तीन तास उशिरा येणे. नवरदेवाच्या मामाने पिऊन मांडवात येणे. टॉवेल-टोपीवरून रुसणे. भात कच्चा म्हणून पंगत उठवणे. मुलीच्या बापाला चक्कर येणे. असं करत तेरावं कलम, ऐन मुहूर्ताला मोटारसायकल मागणे. ही कलमं उलटी करायचं काम त्यांनी आजसाठी ठेवलं होतं.

आणि आता तोच कागद हळदकुंकू लावून सटाण्याच्या व्याह्यांकडे, कांद्याचे व्यापारी भिकाआप्पा अहिरे यांच्याकडे, निघाला होता.

"आबा, मामाची गाडी अजून द्वारका चौकातल्या गर्दीत अडकलेली असेल," मीना म्हणाली. तिनेच चप्पल घातली, तिनेच रिक्षा थांबवली.

गाडी खरंच अडकलेली होती, पण रस्त्याच्या पलीकडे, आणि मध्ये ट्रकच्या दोन रांगा. मोतीरामनी दोन्ही हात वर करून हलवले. सहादू त्या गाडीवर कंडक्टर होता. त्याने खिडकीतून भावजींना पाहिलं, आनंदाने हात हलवला, खिसा थोपटून कागद आहे अशी खूण केली आणि डबल बेल मारली.

तिथल्याच एसटीडी बूथवरून त्यांनी भिकाआप्पांच्या कांद्याच्या खळ्यावर फोन लावला. फोन कुठल्यातरी हमालाने उचलला. बाहेर ट्रक कोकलत होते.

"आप्पांना सांगा, सहादू कागद आणतोय. तो वाचू नका."

"काय?"

"वाचू नका. वाचू नका म्हणतोय."

"हां हां, वाचून टाका. सांगतो." आणि फोन कट झाला. पुन्हा लावला तर लाइन लागेना.

त्यानंतर दोन दिवस सटाण्याहून ना फोन, ना निरोप. शेजारच्या किराणा दुकानातला फोन वाजला की मोतीराम दारापर्यंत धावत, आणि नाही वाजला की तो चालू आहे ना हे स्वतः जाऊन बघत. नवरदेव दत्तू मीनाला मनापासून आवडला होता. आपण घाबरून लिहिलेल्या कागदाने पोरीचं लग्न मोडलं, या विचाराने मोतीरामना तिच्याकडे बघवत नव्हतं.

तिसऱ्या दिवशी भिकाआप्पा स्वतः दारात उभे राहिले. ते खुर्चीच्या कडेला बसले, टोपी काढून मांडीवर ठेवली आणि पाण्याला हात लावला नाही. मोतीरामना हात जोडून माफी मागायची होती, पण घशातून आवाजच निघेना.

"व्याही, यादी पोचली," भिकाआप्पा म्हणाले. "तुमचा निरोप होता, वाचून टाका. म्हणून चार भाऊबंद बसवले आणि मोठ्यानं वाचली."

मोतीरामनी डोळे मिटून घेतले.

"थोरल्या पोराच्या लग्नात आम्ही वऱ्हाड तीन तास उशिरा नेलं, खरं हाय. मामा पिऊन आला, तेबी खरं. टॉवेल-टोपीवरून रुसला तो मीच. भात काय कच्चा नव्हता, उगाच पंगत उठवली. पण सुनेच्या बापाला चक्कर आली, हे तुम्हाला कोणी सांगितलं? ते तर आम्ही गावात कळू दिलं नव्हतं."

मोतीरामनी डोळे उघडले.

"असं केलं तर लग्न मोडेल म्हणता, बरोबर हाय. पण काहीतरी बोला, व्याही. तुम्ही गप बसता याचीच लय भीती वाटते." भिकाआप्पांनी खिशातून कागद काढला. प्रत्येक कलम उलटं करून लिहिलेलं होतं. वऱ्हाड वेळेवर येईल. मामा मांडवात पाणीच पिईल. खाली चार जणांच्या सह्या होत्या. फक्त तेराव्या आकड्यापुढची जागा कोरी होती.

भिकाआप्पा पुढे वाकले. घाबरले की त्यांची भाषा सरळ अहिराणीवर येत असे. "ते तेरावं तर आम्ही करेल बी नई. मी आनि दत्तूना मामा, दोनच जन खळामा बोलनूत. तुमले कसं समजनं?"

मोटारसायकल मोतीरामनी नुसती भीतीतून रचली होती, आणि तिकडे भिकाआप्पा नि दत्तूचा मामा यांनी ती खळ्यात बसून खरोखर ठरवली होती. मोतीराम नुसते बघत राहिले आणि भिकाआप्पा घाम पुसत राहिले.

मीना बाहेर आली. "त्यांना माहीत होतं का हे?" तिने विचारलं.

"दत्तूला? नाय पोरी. त्याला कळलं तर तो घोड्यावर बसणारच नाय. म्हणून तर सांगितलं नाय."

मीनाने मोतीरामच्या खिशातलं पेन काढून भिकाआप्पांपुढे धरलं. त्यांनी कोऱ्या जागेत 'काहीही मागणार नाही' असं लिहिलं, सही केली, मामाचीही आणून देतो म्हणाले, आणि तेव्हा कुठे पाणी प्यायले.

ते गेल्यावर बऱ्याच वेळाने मोतीरामना आवाज फुटला. "आत्ताच्या आत्ता फोन करतो. चांगला माणूस आहे, त्याला फसवणं बरं नाही. सांगून टाकतो, मला यातलं काहीच माहीत नव्हतं. मी रागाने गप्प नव्हतो, घाबरलो होतो."

मीनाने त्यांचा हात धरून त्यांना पुन्हा खुर्चीत बसवलं.

"लग्न लागल्यावर सांगा, आबा," ती म्हणाली. "तोवर असेच घाबरून बसा."