चार वाजताचं नेट

आमच्या निपाणीतल्या गल्लीत नेट यायचं ते हाळी देऊन यायचं. चार वाजायला दोन मिनिटं कमी असली की शेजारच्या सातगोंडाआप्पांच्या मागच्या दारातनं आवाज उठायचा, "प्रवाशांनी लक्ष द्यावं! निपाणी ते जर्मनी नेट फलाट क्रमांक एकवर लागत आहे. प्रवाशांनी मोबाईल हातात घेऊन तयार राहावं!" मग तेच सगळं कन्नडात, "प्रयाणिकर गमनक्के!" पासून. प्रवासी म्हणजे कोण, तर मी एकटी. मला दोन्ही भाषा कळतात, मग दोनदा कशाला? तर म्हणायचे, "नियम हाय आक्का. सीमाभाग हाय ह्यो. एका भाषेत सांगितलं की दुसरा भांडाय येतोय."

आप्पांचा जन्म गेला बसस्टँडावर. कंट्रोलर होते ते. कुठली गाडी कुठं लागणार, हे भोंग्यावरनं सांगायचं काम. रिटायर झाले, पण भोंगा काही सुटला नाही. आल्यागेल्याला ते "बसा" म्हणत नाहीत, "शीट धरा" म्हणतात. दूधवाला उशिरा आला की "लेट हाय." त्यांची बायको गेली त्या दिवशी भेटायला आलेल्या माणसांना त्यांनी सांगितलं, "पाच पन्नासला सुटल्या. वेळेत." लोकं तोंडाला पदर लावून हसली. मीही हसले. खोटं कशाला बोलू.

आता नेटाची भानगड सांगते. आमचं घर जुन्या दगडी भिंतींचं, आत मोबाईलला रेंज म्हणून नाही. रेंज मिळते ती गच्चीवर, आणि माझे गुडघे काही गच्चीवर येत नाहीत. लेक माझी शीतल, जर्मनीत. तिची जेवणाची सुट्टी होते तेव्हा आपले चार वाजतात. आप्पांच्या घरी कॉम्प्युटर आहे, त्याला तारेनं नेट येतं. त्यांच्या पुतण्यानं एकदा दाखवून दिलं की तारेनं आलेलं हे नेट कॉम्प्युटरमधनं हवेतनं सोडता येतं आणि दुसऱ्याच्या मोबाईलवर घेता येतं. हॉटस्पॉट म्हणतात त्याला. मला काही केल्या कळेना, तेव्हा आप्पांनी सांगितलं, "हे बगा आक्का, बेळगावास्नं मोठी गाडी आली ती स्टँडावर थांबली. ह्यो कॉम्प्युटर म्हंजे स्टँड. आता गाडी काय तुमच्या दारात येत न्हाय. मग हितनं पुढं वडापची जीप. हॉटस्पॉट म्हंजे वडाप. आठ शिटा हाईत, त्यातली एक तुमची." असं सांगितल्यावर कुणाला कळणार नाही?

कॉम्प्युटर ठेवला होता आमच्या घराकडच्या खिडकीशी, म्हणजे वडाप माझ्या घरापर्यंत नीट पोचावी. आणि दिवस बुडाला की बंद. आप्पा जैन, चौविहार पाळणारे, दिवस मावळल्यावर अन्न नाही, पाणी नाही. पण नेटसुद्धा? मी म्हटलं, "आप्पा, नेटात कुठलं आलंय जीवजंतू?"

"व्हायरस असत्यात म्हणं," आप्पा म्हणाले, आणि बटण बंद केलं.

असा हा माणूस. आणि त्याच्याबद्दल मी काय बोलले ते आता सांगायचं म्हणजे जीभ जड होते.

झालं असं. एके दिवशी शीतल फोनवर रडली. जावयाची नोकरी गेली होती. "आई, कुणाला सांगू नको हं. मिळंल दुसरी, तवर कुणाला कळाय नको." मी देवाची शपथ घेतली आणि पाळली. सख्ख्या जावेला बोलले नाही. आणि तिसऱ्या दिवशी कोपऱ्यावरची एक बाई मला विचारते, "जावईबापूंचं लागलं काय वं कुठं?"

कळलं कसं? विचार करकरून डोकं शिणलं, आणि मग एकदम लख्ख आठवलं. चार वाजता मी फोन घेऊन बसते, तेव्हा खिडकीतनं आप्पांची टोपी दिसते. अख्खा तासभर दिसते. नेट माझं चालू, आणि हे तिथं कॉम्प्युटरपुढं काय करत बसतात? शिवाय त्यांनीच एकदा कौतुकानं सांगितलं होतं, नेटवर कोण चढलं त्याचं नाव कॉम्प्युटरवर येतं म्हणून. नाव येतं, मग बोलणं यायला किती वेळ?

गल्लीतल्या एकीकडं पापड लाटायला आम्ही दहा-अकरा बायका जमलो होतो. मी लाटणं खाली ठेवलं आणि म्हणाले, "त्या सातगोंडाआप्पाचं नेट कुणी घेऊ नका गं बायांनो. मशिनीत बसून समदं ऐकतोय त्यो. बायको न्हाय, मूलबाळ न्हाय, दुसऱ्याच्या लेकीबाळींचं ऐकत बसायचं. वय काय, धंदं काय!"

बायकांनी "अगं बाई" केलं. मला बरं वाटलं. लई बरं वाटलं, हे लिहायलाच पाहिजे.

दुसऱ्या दिवशी चार वाजले. आप्पांच्या दारातनं हाळी आली नाही. मराठीत नाही, कन्नडात नाही. पण नेट आलं, बरोबर चारला. मी म्हटलं, बघा, चोराच्या मनात चांदणं. आणि त्याच नेटावर शीतलशी तासभर बोलले. घ्यायला लाज वाटली नाही.

पंधरा दिवस असेच गेले. मग एकदा भाजीवाली हौसा दारात आली. कंग्राळीहून लग्न करून आलेली, माझ्या माहेरची, म्हणून मला फटकन बोलते. पाटी उतरवता उतरवता म्हणाली, "आक्का, जावयाला लागली न्हवं नोकरी? चला, बरं झालं."

ही बातमी शीतलनं मला आदल्या दिवशीच सांगितली होती.

मी म्हटलं, "तुला आप्पानं सांगितलं?"

"कुठला आप्पा?" हौसा म्हणाली. "तुमीच सांगितलासा की. काल गल्लीच्या तोंडाला मेथी मोडत बसलोतो आमी तिघी. तितं ऐकू आलं. तुमी जर्मनीला हाक मारल्यावानी बोलतायसा, आक्का. तुमचं तोंड तिच्याकडं आणि खिडकी आमच्याकडं. मागं ती नोकरी गेली तवा आमाला बी वाईट वाटलंतं. पण तुमी आपणहून काय बोलला न्हाय, मग आमी कशाला इचारावं?"

मी मेथीची जुडी हातात धरून तशीच उभी. गल्लीतल्या मेथी मोडणाऱ्या बायकांना कळलेलं, कोपऱ्यावरच्या बाईला कळलेलं, आणि मी दोष कुणाच्या माथी मारला!

दोन दिवस मी आप्पांच्या दारावरनं मान वर करून गेले नाही. तिसऱ्या दिवशी ठरवलं, जायचं आणि पाय धरायचे. चार वाजता ते सापडणार हे तर ठाऊकच होतं. निघाले, तर अंगणातच शीतलचा फोन आला. तो तसाच हातात धरून त्यांच्या दारात गेले.

"आप्पा."

आप्पा कॉम्प्युटरपुढं खुर्चीवर, पाठमोरे. डोळे भिंतीवरच्या घड्याळाकडं. कॉम्प्युटरवर ना चित्र ना बातमी, नुसता निळा पडदा. मधेच हात पुढं करायचे, माऊस इकडनं तिकडं ढकलायचे आणि हात परत मांडीवर ठेवायचे.

"आप्पा! अवो आप्पा!"

हूं नाही की चूं नाही. मी पुढं होऊन बघते, तर दोन्ही कानांत कापसाचे हे एवढे बोळे.

मी समोर आले तसे ते दचकून उठले. एका कानातला बोळा काढला. "काय झालं? नेट तुटलं?"

"नेट हाय. तुमी काय करताय ह्ये?"

"त्येला डुलकी लागती," आप्पा म्हणाले. "कॉम्प्युटरला. दहा मिनिटं कुणी हात लावला न्हाय की झोपतोय, आणि ह्यो झोपला की तुमची लेक पडद्यावरनं जाती. आठवतंय न्हवं, सुरवातीला सारखं तुटायचं? म्हणून हालवत बसायचं."

"आणि कापूस?"

आप्पा माझ्याकडं बघेनात. माऊसच्या वायरीची गुंडाळी सोडवत म्हणाले, "पापडाच्या दिवशी तुमी बोलला ते आलं माझ्या कानावर. खोटं न्हाय आक्का ते. आवाज येतोय खिडकीतनं. आता त्याला दुसरं काय करायचं? नेट बंद केलं असतं तर पोरगी तिकडं वाट बगत बसली असती."

तेवढ्यात हातातल्या फोनमधनं शीतल ओरडली, "आई, मला नुसतं छप्पर दिसतंय! आप्पा हाईत काय तितं? आप्पा, अहो, कॉम्प्युटर झोपू नये म्हणून सेटिंग असतंय. एकदा बदललं की झालं, तुमाला असं बसाय नको. मी सांगू?"

"माहीत हाय बाळ," आप्पा फोनकडं वाकून म्हणाले. "पुतण्यानं कवाच दाखवलंय."

"मग केलं का न्हाय?"

आप्पांनी टोपी सारखी केली. मग म्हणाले, "केलं असतं. पण मग चार वाजता मला काम काय ऱ्हातंय?"

माफी मागायला आलेली बाई मी, हातात फोन धरून नुसती उभी. माझी अडचण आप्पांनाच कळली असावी. त्यांनी आपली खुर्ची माझ्यापुढं सरकवली, "शीट धरा, बोला लेकीशी," म्हणाले, आणि मला संकोच नको म्हणून हातातला बोळा परत कानात घातला. मग उभ्या उभ्याच माऊस हलवला.

"आप्पा, काढा वो त्यो बोळा," मी म्हणाले. "चुकलं माझं. काढा."

त्यांना कुठलं ऐकू यायला.