चुकण्याचा सराव

प्रेसशॉपच्या कराराची बोलणी तीनशे ऐंशीवर अडली होती, आणि नेमक्या त्याच आठवड्यात कंपनीला कामगारांच्या करमणुकीची आठवण झाली. मायदेशी परतणारा एक जर्मन इंजिनिअर आपला टीव्ही गेम चिंचवडच्या कारखान्याला भेट देऊन गेला. कॅन्टीनशेजारच्या खोलीत तो ब्लॅक अँड व्हाइट टीव्हीला जोडला गेला. साल होतं ब्याऐंशी. पडद्याच्या वरच्या कडेला ठिपक्यांचा एक माणूस उभा असे आणि खाली चेंडू टाकी. आपण एक खुंटी फिरवून तळाची टोपली डावी-उजवीकडे न्यायची आणि चेंडू झेलायचे. तीन सुटले की खेळ संपला. तीस झेलले की वरचा माणूस कुणालाही न विचारता वेग वाढवी.

"कुठं जायाचं न्हाई, यायाचं न्हाई," युनियनचे सेक्रेटरी विलास भालेकर पहिल्याच दिवशी म्हणाले. ते मूळचे तळवड्याचे. "चित्र जागचं हलत न्हाई. एका जागी हुबं ऱ्हायाचं आन् वरनं येईल ते झेलायचं. मग आमी शॉपमधी दुसरं काय करतो?"

तरी जेवणाच्या सुट्टीत रांग लागे. तीस चेंडूंच्या पुढे कोणी जात नसे. बुधवारी प्रेस ऑपरेटर भीमराज ओव्हाळ बसला आणि त्याने दोनशे बारा चेंडू झेलले. दारात कोणत्या कामाला किती वेळ लागतो ते मोजणारे वर्कस्टडी ऑफिसर सुरेंद्र पटवर्धन केळं खात उभे होते. त्यांनी अर्धं केळं खिडकीत ठेवलं आणि खिशातून स्टॉपवॉच काढलं.

एका पाळीत एका माणसाने किती नग काढायचे, त्या आकड्याला नॉर्म म्हणतात. युनियन तीनशे ऐंशी म्हणत होती, कंपनी चारशे पन्नास. मधले सत्तर नग माणसाच्या हाताला झेपतात की नाही, एवढाच प्रश्न होता. त्याच संध्याकाळी पटवर्धनांनी मॅनेजरांना टिपण पाठवलं: झेपतात. पुरावा करमणूक कक्षात उपलब्ध आहे. पुढच्या शुक्रवारची संयुक्त बैठक तिथेच ठरली. भीमराजने सर्वांसमक्ष खेळायचं होतं.

"साठ माणसं हायत शॉपात," विलासभाऊ म्हणाले. "तुझ्या एका मनगटापायी साठांची कंबर जाईल."

"मी खेळत होतो, विलासभाऊ."

"मग शुक्रवारी धा झेल आन् सोडून दे."

"आणि मुद्दाम सोडले असं साहेबांनी लिहिलं तर? मुद्दाम काम मंदावलं म्हणून घरीच बसवतील."

"म्हणून तर सराव पायजे. चुकलं तर खरं वाटाया पायजे."

दुसऱ्या दिवसापासून रोजच्या सुट्टीत सराव सुरू झाला. शॉपमध्ये चुकण्यात वाकबगार माणसं पुष्कळ होती, पण ती विद्या शिकवता येत नाही, हे तिथे प्रथम लक्षात आलं. युनियनचा कारकून दत्तोबा म्हणाला, "टोपली उशिरा ने." भीमराजने उशिरा नेली. चेंडू काठावर आपटून आतच पडला. "डोळे मीट," कुणी तरी म्हणालं. त्याने मिटले. चेंडू सुटताना यंत्र टिक् करत होतं, तेवढं त्याला पुरलं. अकरा वर्षं प्रेसखाली हात घालून ज्याची दहाही बोटं शाबूत राहिली, त्याचा हात सांगून चुकायला तयार नव्हता.

देहूरोडला घरी त्याची बायको कस्तुराने विचारलं, "दोन दिस झाले, ताटाकडं नुसते बघत बसताय. काय झालंय?"

"हात ऐकत नाही गं."

तिने सोलत असलेला कांदा त्याच्याकडे फेकला. त्याने मान वर न करता झेलला.

"ऐकतोय की."

"तेच तर झालंय," भीमराज म्हणाला.

शुक्रवारी फॅक्टरी मॅनेजर लक्ष्मणराव इनामदार, पटवर्धन, विलासभाऊ आणि वहीसकट दत्तोबा ओळीने बसले. खिडक्यांना सगळं प्रेसशॉप लागलं होतं. भीमराजने खुंटी धरली. दहा झाल्यावर त्याने टोपली निर्धाराने कोपऱ्यात नेली. हाताने ती परत आणली. तीस झाले. साठ झाले. विलासभाऊ छताकडे पाहू लागले. एकशे एक्कावन्नला लक्ष्मणराव म्हणाले, "पुरे."

"चारशे पन्नास, सर," पटवर्धन म्हणाले. "करारात आकडा टाइप करूनच आणलाय."

"चूक माझी आहे, भाऊ," भीमराज हळूच म्हणाला.

लक्ष्मणराव कागदाकडे पाहत नव्हते. त्यांची नजर पडद्यावर होती. "एवढं सोपं आहे हे?"

"सर्वसाधारण माणसाला सहज जमेल, सर."

"मग ऊठ रे जरा."

भीमराज उठला, लक्ष्मणराव बसले. पहिल्या डावात तीनही चेंडू सुटले. "खुंटी घट्ट आहे," ते म्हणाले. दुसऱ्या डावात चार झेलले. तिसऱ्याला पटवर्धनांनी सवयीने स्टॉपवॉच दाबलं आणि पहिलाच चेंडू गेला.

"पटवर्धन, ते घड्याळ खिशात घाला. कोणी मोजायला लागलं की हात बिचकतो."

"लिव्ह, दत्तोबा," विलासभाऊ शांतपणे म्हणाले. "मॅनेजरसाहेबांचं म्हणणं, मोजाया लागलं की हात बिचकतो."

"सर, हे मिनिट्समध्ये जातंय," पटवर्धन म्हणाले.

"गप्प बसा हो. नऊ झालेत."

"येग जास्त वाटतोय का, साहेब?" विलासभाऊंनी आदराने विचारलं.

"माणसाचा वेगच नाही हा."

"लिव्ह. मग कमी कराया पायजे?"

"करायलाच पाहिजे."

"अंगठा सैल सोडा, साहेब," मागून भीमराज म्हणाला. त्याला राहवलं नाही.

लक्ष्मणरावांनी अंगठा सैल सोडला. दहा, अकरा, बारा. विलासभाऊंनी टाइप केलेला आकडा खोडला, वर नवा लिहिला, आणि कागद साहेबांच्या डाव्या गुडघ्यावर ठेवून हातात पेन दिलं.

"किती लिहिलंत?" पडद्यावरची नजर न काढता त्यांनी विचारलं.

"तीनशे ऐंशी."

"तेवढंच होतं माणसाकडून," लक्ष्मणराव म्हणाले आणि त्यांनी डाव्या हाताने सही केली. सही वाकडी आली, पण चेंडू सुटला नाही.