काशीत सोडलेली रेस

काशीहून परत आल्यावर दुसऱ्याच रविवारी निळी गाडी जिंकली आणि रघूत्तमरावांचा घास घशातच अडकला. बातमी आणली शेजारच्या शरतने, तीही दारात चपला काढता काढता.

"सार, बेलुत्ती फर्स्ट. अय्यो, तुम्ही बघितलाच नाही?"

रघूत्तमरावांनी बघितलं नव्हतं आणि बघायची सोयही नव्हती. म्हैसुरात रेस म्हटलं की लोकांना आधी घोडे आठवतात, पण रघूत्तमरावांची रेस मोटारींची होती. बोगादीतल्या त्यांच्या घरात मठ, दूधवाला आणि निळी गाडी कधी बदलली नव्हती. ती याआधी जिंकली तेव्हा रघूत्तमराव कॉलेजात फिजिक्स शिकवायला नुकते लागले होते आणि त्यांच्या डोक्यावर केस होते. त्यानंतर केसही गेले आणि विजयही गेले, पण रघूत्तमराव दर रविवारी टीव्हीसमोर हजर असत. आणि याच गाडीला त्यांनी काशीत, गंगेत उभं राहून, कायमचं सोडून दिलं होतं.

झालं होतं असं की, काशीला गेलं म्हणजे आवडीची एक वस्तू सोडून यायची रीत आहे. शहाणी माणसं तिथे नावडती भाजी सोडतात आणि पुण्य पदरात पाडून घेतात. रघूत्तमरावांचे वडील, व्यासराज अण्णा, यांनी मोठ्या गंभीरपणे कारलं सोडलं. त्यांनी जन्मात कारल्याला बोट लावलं नव्हतं. रघूत्तमरावांच्या पत्नी अंबुजाबाईंनी पडवळ सोडलं, ते त्याच हिशेबानं. रघूत्तमरावांनीही दोडका सोडायचं घरूनच ठरवून आणलं होतं. पण आदल्या संध्याकाळी लॉजवर त्यांनी फोनवर रेस लावली. निळी गाडी हाकणारा बेलुत्ती सगळ्यात पुढे होता. चाकं बदलायला तो थांबला. निळ्या गाडीच्या माणसांनी तीन चाकं घट्ट बसवली आणि चौथं बसवायचं म्हणून नुसतं टेकवलं. पहिल्याच वळणावर चाक एकीकडे गेलं, गाडी दुसरीकडे गेली. रघूत्तमराव रात्रभर त्या चाकामागे धावत होते. सकाळी गुरुजींनी "काय सोडता?" असं विचारलं तेव्हा त्यांच्या तोंडून दोडका निघालाच नाही.

"रेस सोडली," ते म्हणाले. "मोटारींची. जन्मभरासाठी."

काशीतच वाढलेले गंगाधरराव गुरुजी जरा थबकले. असा पदार्थ त्यांच्याकडे आजवर कुणी सोडला नव्हता. पण अण्णांचे डोळे भरून आलेले पाहून त्यांनी पळीभर पाणी सोडायला लावलं आणि मामला संपवला.

आता दारात शरत उभा होता. शरत हा वेगळ्याच जातीचा प्रेक्षक. वर्षातून एकदा तो फोन बदले, दोन वर्षांतून एकदा कंपनी बदले आणि रेसमधली गाडी तर मनाला येईल तेव्हा बदले. जी पुढे, ती त्याची. त्यामुळे तो कायम खुशीत असे. रघूत्तमराव त्याला पूर्वी म्हणत, "अरे, हरली म्हणून सोडायची असती तर धरायचीच कशाला?" यावर शरतचं उत्तर ठरलेलं होतं, "सार, सुम्मने, उगाच कशाला बीपी वाढवून घेता?" आज मात्र तो म्हणाला, "मी पण आता निळीचाच, सार." आयुष्यभर पावसात उभं राहावं आणि ऊन पडल्यावर दुसऱ्यानंच येऊन खुर्ची टाकावी, तसं रघूत्तमरावांना झालं.

त्या रात्री त्यांनी जेवताना विषय काढला.

"अण्णा, मी बघायचं सोडलंय. पेपरात वाचायला हरकत नाही की."

अण्णांनी ताटातून मान वर केली. "वांगं सोडलेल्या माणसानं फोडी तेवढ्या बाजूला काढून सांबार ओरपायचं काय रे?"

"तसं नव्हे, पण..."

"तसंच. वाचायचं नाही, विचारायचं नाही. सोडलं म्हणजे सोडलं."

पुढच्या रविवारी निळी गाडी पुन्हा जिंकली. त्यानंतरच्या रविवारी दुसरी आली. रघूत्तमराव वर्गात गतीचे नियम शिकवताना मध्येच गप्प होऊ लागले. घरी ते चष्मा फ्रिजमध्ये ठेवू लागले. नवऱ्याचं हे असं वाळत चाललेलं रूप अंबुजाबाईंना बघवेना. इतकी वर्षं त्यांनी त्या रेसला मनापासून शिव्या घातल्या होत्या. लग्नानंतरच्या पहिल्या रविवारी माहेरची माणसं आली असताना हा गृहस्थ टीव्हीसमोरून उठला नव्हता, हे त्या विसरल्या नव्हत्या. तरीही एका संध्याकाळी त्या सासऱ्यांसमोर कॉफी ठेवून उभ्या राहिल्या.

"अण्णा, एक विचारू? शेजारच्या घरात वांगं शिजतंय आणि वास इकडे आला तर?"

अण्णांनी घोटभर कॉफी घेऊन विचार केला. "वास आला तर माणूस काय करणार? नाक काय काशीत सोडलंय?"

"आयतु," अंबुजाबाई म्हणाल्या आणि काम झालं.

त्या रविवारपासून व्यवस्था ठरली. रघूत्तमराव देवघरात दार लावून बसायचे. हॉलमध्ये अंबुजाबाई टीव्ही लावायच्या आणि दिसेल ते अण्णांना मोठमोठ्यानं सांगायच्या. अण्णांना ऐकू नीट येत होतं, पण सुनेचा जोर बघून त्यांनी हरकत घेतली नाही. देवघरात वास यायचा तो असा:

"निळं पुढे गेलंय, अण्णा. मागचं ते केशरी नुसतं हॉर्न मारल्यासारखं करतंय. आता आत शिरलं. चाकं बदलताहेत. ह्यावेळी नीट आवळली म्हणायची."

सुरुवातीला बाई आपल्या नवऱ्यासाठी बोलत होत्या. महिन्याभरात त्या स्वतःसाठी बघू लागल्या, आणि हे घरात कुणाच्याच लक्षात आलं नाही. मऊ टायर किती फेऱ्या टिकतात यावरून त्या शरतशी वाद घालू लागल्या आणि त्यात शरत हरू लागला. रविवारचा स्वयंपाक सकाळीच उरकू लागला.

तरीही डोळ्यांनी बघणं ते बघणंच. रघूत्तमरावांना राहवेना. त्यांनी अंबुजाबाईंच्या फोनवरून काशीला फोन लावला, कारण पूजेचं बुकिंग बाईंनी केलं होतं आणि नंबर त्यांच्याकडेच होता.

"गुरुजी, सोडलेली वस्तू परत धरायला काही उपाय?"

"शास्त्र बघून कळवतो," गंगाधरराव गुरुजी म्हणाले.

एक आठवडा गेला, दोन गेले. कळवणं काही आलं नाही. मग एका रविवारी "जरा पाय मोकळे करून येतो" असं सांगून रघूत्तमराव घराबाहेर पडले आणि थेट गावातल्याच गोकुलम भागात गेले. तिथे योग शिकायला आलेल्या परदेशी लोकांनी भरलेलं एक कॅफे होतं आणि त्यांच्या सोयीसाठी भिंतीवर रेस लावलेली असे. रघूत्तमरावांनी एक कॉफी मागवली, भिंतीकडे पाठ केली आणि समोरच्या काचेत सहज नजर टाकली. काचेत निळी गाडी सगळ्यांच्या पुढे होती. तेवढ्यात ती गाडी रस्ता सोडून वाळूत जाऊन बसली.

"सार!"

मागच्या टेबलावर शरत होता. त्याचा चेहरा पांढरा पडला होता. "तुम्ही बघितलात. सार, तुम्ही बघितलात म्हणून गेली ती."

"काहीतरी बोलू नकोस. मी फिजिक्सचा माणूस आहे."

"मत्ते, मग हिशेब करा की. तुम्ही बघत होता तेव्हा हरत होती. सोडलात, जिंकायला लागली. आज आलात, वाळूत बसली."

रघूत्तमरावांनी हिशेब केला. फिजिक्सच्या माणसानं तो नाकारायला हवा होता. पण चाळीस पोरांसमोर ताठ उभं राहणारं ते फिजिक्स त्या कॅफेत कुठे गेलं कुणास ठाऊक. ते कॉफी अर्धी टाकून घरी आले आणि कुणी न सांगता देवघरात जाऊन बसले.

मोसमाची शेवटची रेस उजाडली. ही बेलुत्तीनं जिंकली तर वर्षाचा कप निळ्या गाडीचा. नाही तर केशरीचा. एवढ्या वर्षांच्या सगळ्या रविवारांचा निकाल त्या एका संध्याकाळी लागायचा होता आणि रघूत्तमराव तो बंद दाराआडून ऐकणार होते. दार लावण्याआधी अंबुजाबाईंनी आपला फोन त्यांच्या हातात कोंबला.

"हा आत ठेवा. मध्येच कुणीतरी फोन करतात आणि चुकतं सगळं."

रेस सुरू झाली. वास झकास येत होता. बेलुत्ती पहिल्यापासून पुढे. रघूत्तमरावांचं विष्णुसहस्रनाम तिसऱ्यांदा चाललं होतं आणि शेवटच्या थोड्या फेऱ्या उरल्या होत्या, तेव्हा मांडीवरचा फोन वाजला. काशीहून गुरुजी होते.

"प्रसाद पाठवलाय, मिळाला का? आणि यजमान, रेस बघताय ना आता?"

"कशी बघू? तुम्ही कळवलंच नाहीत."

"म्हणजे? मी तर बाईंना तेव्हाच सांगितलं. फळ सोडतात, भाजी सोडतात. खेळतमाशा त्यात धरत नाहीत हो. तुम्ही मोकळे आहात."

रघूत्तमरावांनी देवघराचं दार उघडलं. हॉलमध्ये अंबुजाबाई, अण्णा आणि शरत एका रांगेत बसले होते. बाईंच्या हातात जपमाळ होती.

"तुला माहीत होतं?"

अंबुजाबाईंनी नवऱ्याकडे बघितलं, मग त्याच्या हातातल्या फोनकडे बघितलं आणि सगळं ओळखलं. "होतं. सांगणार होते. पण तुम्ही आत असताना निळं इतकं छान चाललं होतं हो..."

"अंबुजा, ही माझी गाडी आहे!"

"म्हणूनच तर."

रघूत्तमराव तरातरा येऊन आपल्या जुन्या खुर्चीत बसले. पडद्यावर ती होती. निळी, चमचमती, सगळ्यांच्या पुढे. इतक्या दिवसांनी तिला बघून ते खुर्चीत पुढे सरकले. आणि त्याच क्षणी गाडीच्या मागच्या बाजूनं धुराची एक बारीक रेघ निघाली.

केशरी गाडी जवळ आली, आणखी जवळ आली. शरत हळूच म्हणाला, "मी पहिल्यापासून म्हणत होतो, केशरीचं इंजिन चांगलं आहे." अण्णा छताकडे बघत राहिले. अंबुजाबाई नवऱ्याकडे बघत नव्हत्या, पण त्यांच्या हातातली माळ थांबली होती.

रघूत्तमरावांना कुणी ऊठ म्हणालं नाही. आता काशी आड येत नव्हती, अण्णा येत नव्हते, शास्त्रही येत नव्हतं. त्यांनी त्या गाडीकडे एकदा डोळे भरून बघितलं, जागचे उठले, देवघरात गेले आणि दार लावून घेतलं.

दाराला पाठ टेकून ते खाली बसले. बाहेर बराच वेळ नुसती घरघर होती. मग अंबुजाबाईंचा आवाज आला, "धूर थांबला, अण्णा." मग, "वळलं, वळलं." आणि मग शेजारच्या दोन घरांतली माणसं दारात यावीत एवढा आरडाओरडा झाला. शरत पुन्हा निळ्या गाडीचा झाला होता. देवघरात रघूत्तमराव एकटेच रडत होते आणि आपण इतके आनंदात याआधी कधी होतो, हे त्यांना आठवत नव्हतं.

थोड्या वेळानं त्यांनी आतूनच विचारलं, "मी बाहेर येऊ का?"

"थांबा हो," अंबुजाबाई म्हणाल्या. "आधी कप हातात पडू दे त्याच्या."

रघूत्तमराव थांबले. बाहेर टाळ्या वाजत होत्या.

"आणि ऐकलंत का," दाराजवळ येऊन त्या हळू आवाजात म्हणाल्या, "पुढच्या मोसमाची पहिली रेस मार्चात आहे. त्या रविवारी तुम्ही बेट्टदपुरच्या डोंगरावर दर्शनाला जाऊन या. दुपारी उशिरा निघा. चढून उतरेपर्यंत रेस संपते."

आतून पंचांगाची पानं उलटल्याचा आवाज आला.

"पहिली झाली," रघूत्तमराव म्हणाले. "दुसरीला कुठला डोंगर?"