तिसरी हाक

आमच्या कळंबच्या नानांना बोलवायचं तर तीनदा हाक मारावी लागते. कान चांगले शाबूत आहेत हो! अंगणात बसून, आपल्याकडे टक लावून पाहत, पहिल्या दोन हाका ते खुशाल ऐकून घेतात. तिसरीला मात्र तोंडभर हसतात. "ओऽऽ! ये रं, बस."

कारण हाकामारी. धुक्यातून नावानं हाक मारणारं भूत. पहिल्या हाकेला ओ दिली की माणूस गेलाच, पण तिसरी हाक काही ते मारत नाही, असं नानांचं ठाम मत. त्यांची बायको, आमच्या यमुनाकाकी, भाकरी थापता थापता वैतागायच्या, "तीनदा बोलावल्याबिगर जेवाया येत नाय, हाकामारीचा जावई मेला!"

मी टेंपो चालवतो. रिसॉर्टवाल्यांचा हिशेब मेलवर येतो, म्हणून फोन सारखा हातात. एका सकाळी नानांकडे चहा पिताना बँकेचा मेल आला. वर बँकेचं चिन्ह, खाली लाल अक्षरं : केवायसी अपुरी, संध्याकाळी खातं बंद, इथे दाबा. माझ्या तोंडचं पाणीच पळालं. अंगठा टेकणार तोच नानांनी मनगट धरलं.

"पयली हाक हाय ती. बँक खरी असंल तं परत मारंल. येवढी घाई भुतालाच असते. आन पाय बघितलंस का?"

"मेलला कसले पाय, नाना?"

"पाठवनाऱ्याचा पत्ता रं! भूत तोंड कुनाचंबी लावतं, पाय उलटेच ऱ्हातात."

बँकेतल्या मॅडमनी कधीतरी समजावलेलं नानांनी असं भुतांत बसवलं होतं. पाहतो तर पत्ता खरंच भलताच, नुसती गिचमीड. तरी शिळफाट्याच्या शाखेत जाऊन विचारलं. त्यांनी असलं काही पाठवलंच नव्हतं. तेव्हापासून गावात कुणाचाही फोन टुणकन वाजला की लोक विचारतात, "पाय बघितलंस?" आणि नाना मिशीला पीळ देतात.

गेल्या थंडीत, दिवेलागणीला, नाना स्वतःच माझ्या दारात आले. हातात काकींचा जुना फोन. काकी जाऊन वर्ष होत आलेलं, पण दोघांच्या खात्यावरचं त्यांचं नाव नानांनी काढू दिलं नव्हतं. आणि फोनवर मेल होता : 'प्रिय यमुना, आजच इथे दाबा, नाहीतर तुमचं नाव खात्यातून कमी होईल.' या मेल्यांना नावं कुठून मिळतात देव जाणे.

"नाना, पाय?"

"उलटं हायेत. बघितलं मी." अंगठा मात्र त्या अक्षरांवरून हलत नव्हता. "पन नाव गेलं तं रं?"

म्हाताऱ्याची सगळी पुंजी त्या खात्यात. "नाही जात. उद्या टेंपोनं नेतो तुम्हाला शाखेत, समोरासमोर विचारू. पण हे दाबू नका, पाया पडतो."

नाना ओट्यावर टेकले. समोरच्या शेतांवर धुकं उतरत होतं, डोंगर त्यात हळूहळू विरघळत चालले होते. त्यांनी फोन माझ्या हातात दिला.

"तिला नावानं कोनी बोलावतच नाय आता. वाच रं. निस्तं नाव."

"यमुना."

"परत."

"यमुना."

नाना धुक्याकडे बघत राहिले. मी न सांगताच पुन्हा वाचलं, "यमुना."

"ओ," नाना म्हणाले, अगदी हळू. मग डोळे पुसले. "पुसून टाक आता."