नामुष्की : निरंक

कुंदाबाईंची सून मोहिनी तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात बाळंत झाली. प्रसूतिगृहाच्या दाराला पडदा नव्हता, कडी लागत नव्हती, आणि समोरच एक्स-रेसाठी पुरुषांची रांग होती. कुंदाबाई आपलं जुनं लुगडं दोन्ही हातांनी ताणून दोन तास दारात उभ्या राहिल्या. नात झाली. दुसऱ्या दिवशी त्यांनी अर्ज दिला : ‘पडदा लावावा. ही दवाखान्याची नामुष्की आहे.’

अर्जाची दखल तातडीने घेण्यात आली. दखल ‘नामुष्की’ या शब्दाची होती. कार्यालयाची प्रतिमा मलिन केल्याबद्दल कुंदाबाईंना जळगावला जिल्हा कार्यालयात साहेबांपुढे सुनावणीस बोलावण्यात आलं आणि प्रकरण निकाली निघेपर्यंत नातीचा जन्मदाखला रोखून धरण्यात आला.

सुनावणीत भाईदास कारकुनाने शब्दकोश उघडला. “नामुष्की म्हणजे अप्रतिष्ठा, बेअब्रू, लाजिरवाणी स्थिती.”

“म्हणजे आधी लाज वाटायला हवी,” साहेब म्हणाले. “आपल्याकडे कोणाला वाटली?”

दवाखान्याच्या चाळीसही कर्मचाऱ्यांकडून विहित नमुन्यात तशी माहिती मागवलेलीच होती. भाईदासने बेरीज वाचली. “निरंक, साहेब.”

“बघा बाई. पुरावाच नाही.”

कुंदाबाईंचा आवाज चढला. “लाज मनी सूनले वाटनी, साहेब! उघडी पडेल व्हती ती!”

“मग ती तुमच्या सुनेची वैयक्तिक नामुष्की झाली. दवाखान्याच्या नावावर कशी टाकता?”

मोहिनी सव्वा महिन्याची पोर घेऊन दाराशी बसली होती. ती उठून टेबलापाशी आली.

“लिहा,” ती म्हणाली. “लाज मला वाटली. इथे कोणालाच वाटली नाही. मी सही करते.”

भाईदासचा पेन क्षणभर अडखळला. साहेबांना मात्र वाक्य फार आवडलं. “सून समजूतदार आहे हो!” म्हणत त्यांनी ते जसंच्या तसं टंकलिखित करून घेतलं, खाली सही घेतली आणि दाखला दिला.

जिन्यात कुंदाबाईंना रडू फुटलं. मोहिनी म्हणाली, “आई, रडता कशाला? त्यांनी स्वतःच लिहून घेतलं.”

साहेबांचं एवढ्याने समाधान झालं नाही. असे अर्ज पुन्हा येऊ नयेत म्हणून दवाखान्यात भरती होताना द्यायच्या संमतिपत्रात त्यांनी नवी ओळ घातली : ‘उपचारादरम्यान वाटणारी लाज ही रुग्णाची वैयक्तिक बाब राहील, कार्यालयास ती वाटणार नाही.’ नमुना सगळीकडे गेला. आजवर एकाचीही हरकत आलेली नाही. माणूस घाईत असतो, दाखवतील तिथे सही करतो. तुम्हीही केलीच असेल.